मलिंगारचा ग

डब्लिनहून स्लायगोकडे जाणारी आगगाडी शहर सोडतानाच रॉयल कालव्याची सोबत धरते. पाणी संथ, काठाला लव्हाळी, पलीकडे गाईंची कुरणं. आयर्लंडच्या मध्यभागी, वेस्टमीथ काउंटीत, गाडी वीस-बावीस हजार वस्तीच्या एका गावी थांबते. जेम्स जॉइस तरुणपणी वडिलांबरोबर इथे येऊन राहिला होता, आणि 'युलिसिस'मधल्या ब्लूमची मुलगी मिली इथेच एका फोटोग्राफरच्या दुकानात कामाला आहे. आजच्या मुलांना हे गाव नायल होरन या गायकाचं म्हणून माहीत असतं. मी तिथे गेले ती गावाच्या नावातल्या एका अक्षरासाठी.

इंग्रजीत या गावाला मलिंगार म्हणतात. आयरिशमध्ये ते 'अन् मुइल्यन् ग्यार' आहे. 'अन्' हे नामाआधी लागणारं उपपद. 'मुइल्यन्' म्हणजे पाणचक्की. शेवटचा शब्द मूळचा 'क्यार' : वाकडा, उलटा, चुकलेला. उलटी चक्की, असं या गावाचं नाव. आयर्लंडच्या रस्त्यांवरच्या फलकांवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव आणि खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी नाव लिहितात. त्या वरच्या ओळीत तिसऱ्या शब्दाच्या सुरुवातीला रोमन लिपीतला लहान जी आहे आणि त्याला चिकटून मोठा सी. उच्चारायचा फक्त जी, म्हणजे ग. सी मुका. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती छपाईतली चूक वाटते.

चूक नाही, हे मला पुस्तकांतून ठाऊक होतं. आपल्याकडे शब्द बदलतो तो शेवटाकडून : घर, घरात, घराला, घरांचा. आयरिशमध्ये शब्द सुरुवातीकडूनही बदलतो. मागच्या शब्दाच्या प्रभावाने पुढच्याचं पहिलं व्यंजन कधी मऊ होतं, कधी त्याच्यावर दुसरं व्यंजन येऊन बसतं. या दुसऱ्या प्रकाराला आयरिश वैयाकरण 'उरू' म्हणतात, आणि सूर्य-चंद्राच्या ग्रहणालाही आयरिशमध्ये हाच शब्द आहे. क ला ग्रहण लागलं की ऐकू येतो ग. प वर ब येतो, त वर द, ब वर म, द वर न. ग ला ग्रहण लागतं तेव्हा ङ ऐकू येतो. आपल्या वर्णमालेत ज्याने एकही शब्द सुरू होत नाही तो ङ त्या भाषेत शब्दाच्या आरंभी सहज उच्चारला जातो. डोनिगॉल या प्रसिद्ध काउंटीचं नाव आयरिशमध्ये 'डून न ङाल', म्हणजे परक्यांचा किल्ला, असं आहे. शब्द स्वराने सुरू होत असेल तर त्याच्याआधी नुसता न येतो. आणि लिहिताना दोन्ही अक्षरं लिहायची : आलेलं आधी, झाकलेलं नंतर. ग्रहणात सूर्य दिसत नाही म्हणून कोणी तो आकाशातून खोडून टाकत नाही. आयरिश लेखनाने हा विवेक प्रत्येक शब्दात पाळला आहे. कान ग ऐकतो, डोळा क बघतो, आणि मूळ शब्द हरवत नाही. मला ही लेखनपद्धती जगातल्या सुंदर पद्धतींपैकी एक वाटते.

पण ग्रहण लागायला कारण लागतं, आणि कारणांची यादी व्याकरणात दिलेली आहे. सात ते दहा या आकड्यांनंतर. 'आमचा', 'तुमचा', 'त्यांचा' यांच्यानंतर. 'मध्ये' या अर्थाच्या 'इ' या शब्दानंतर. अनेकवचनी षष्ठीत उपपदानंतर, जसं 'डून न ङाल'मध्ये. मलिंगारच्या नावात यातलं काहीच नाही. एक चक्की, एकवचनी, प्रथमेत, आणि तिच्यामागे विशेषण. आयरिशमध्ये विशेषण नामाच्या मागून येतं. 'मुइल्यन्' आज पुल्लिंगी आहे. पुल्लिंगी एकवचनी प्रथमेनंतर विशेषण जसंच्या तसं राहतं. शाळेतल्या मुलाने 'उलटी चक्की'चं भाषांतर केलं तर ते 'मुइल्यन् क्यार' असं करील, आणि ते बरोबर असेल. आजच्या आयरिशच्या कुठल्याही नियमाने मलिंगारमध्ये ग येत नाही.

तो ग एका गेलेल्या लिंगाचा आहे.

आठव्या-नवव्या शतकातल्या आयरिशमध्ये तीन लिंगं होती : पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग. त्या काळातले मठवासी लॅटिन ग्रंथांच्या ओळींमध्ये आणि समासात आपल्या भाषेत टिपा लिहीत. वुर्झबर्ग, मिलान आणि सेंट गॉल इथे ती हस्तलिखितं अजून आहेत, आणि जुन्या आयरिशचं व्याकरण मुख्यतः त्या टिपांवरून बांधलं गेलं. त्यात 'मुइल्यन्' नपुंसकलिंगी आहे. हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'मोलिनुम'वरून आलेला. 'लॉख', म्हणजे तळं, तोही तेव्हा नपुंसकलिंगी. 'अन्यिम', म्हणजे नाव, तोही. जुन्या आयरिशचा नियम असा होता की नपुंसकलिंगी नाम एकवचनात प्रथमेत किंवा द्वितीयेत असलं की त्याच्या मागून येणाऱ्या शब्दाला ग्रहण लागायचं. चक्की नपुंसकलिंगी, म्हणून तिच्यामागच्या 'क्यार'चा 'ग्यार'. दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान ते लिंग आयरिशमधून विरून गेलं. त्यातले बहुतेक शब्द पुल्लिंगात गेले, काही स्त्रीलिंगात. नियमाला धरायला काही उरलं नाही, तेव्हा नियमही गेला. वाक्यांतून गेला, क्रियापदांच्या आसपासून गेला, गाण्यांतून गेला. गावाचं नाव मात्र कोणी वाक्यासारखं नव्याने जुळवत नाही. ते बापाकडून पोराकडे जसं येतं तसं पुढे जातं. त्यामुळे मलिंगारमध्ये तो ग राहिला.

नपुंसकलिंगानंतर ग्रहण का लागायचं, या प्रश्नाच्या उत्तराने मी या विषयात कायमची अडकले. फार मागे, आयरिश अजून आयरिश झालेली नव्हती तेव्हा, या नामांच्या शेवटी एक अनुनासिक होतं. संस्कृतमध्ये ते आपल्याला स्पष्ट दिसतं : वनम्, फलम्, गृहम्. लॅटिनमध्ये तेच '-उम्' होतं, ग्रीकमध्ये '-ऑन'. युरोपच्या पश्चिम टोकाला पोहोचलेल्या भाषेत शब्दांचे शेवट झिजत झिजत गळून पडले. पण ते अनुनासिक पूर्ण गळण्याआधी पुढच्या शब्दाला बिलगलं. पुढे क असेल तर न् आणि क मिळून ङ्ग, आणि मग नुसता ग. संस्कृत शिकताना अनुस्वाराचा परसवर्ण घोकलेल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही. मलिंगार हे नाव पडलं तेव्हा तो मूळ म् केव्हाच नाहीसा झाला होता. लोकांना फक्त त्याने मागे ठेवलेली सवय ठाऊक होती. पुढे ज्या लिंगाची ती सवय होती ते लिंगही गेलं. आज वेस्टमीथमध्ये उभ्या असलेल्या त्या फलकावर जो छोटा जी आहे, तो 'फलम्'मधल्या म् चा वंशज आहे.

चक्की उलटी का, याची गोष्ट गावात सांगतात. मलिंगारच्या दक्षिणेला लिन नावाचा भाग आहे, जुनं नाव लान. तिथे सातव्या शतकात कोलमान मॅक लुआखान हा संत होऊन गेला. त्याने दैवी सामर्थ्याने चक्कीचं चाक उलट्या दिशेने फिरवलं, अशी आख्यायिका. ब्रॉस्ना नदी गावातून वाहत जाऊन एनेल तळ्याला मिळते; तिच्याकाठी उभं राहिलं की चक्कीची कल्पना करायला वेगळं काही लागत नाही. त्या काळच्या आयर्लंडमध्ये पाणचक्क्या खूप होत्या. स्ट्रँगफर्ड लॉखमधल्या नेंड्रमच्या मठात समुद्राच्या भरतीवर चालणारी चक्की सापडली, तिच्या लाकडातल्या वार्षिक वलयांवरून ती इ. स. ६१९ची ठरली. या चक्क्यांचं चाक बहुधा आडवं असे : उभ्या आसाच्या खाली पाती, आसाच्या वर थेट दगडाची तळी. आपलं जातं पाण्याने फिरवावं तशी रचना, आणि आपल्याकडे गढवाल-कुमाऊंमधले घराट आजही याच रचनेचे आहेत. अशा चक्कीत फिरण्याची दिशा वरून उघड दिसते. उजवीकडून फिरते की डावीकडून, हे दळण घेऊन आलेल्या पोरालाही कळतं. सुताराने पन्हळ दुसऱ्या बाजूला बसवून पाती उलट कोरली असतील, तर चाक उलटं फिरणारच. संताच्या गोष्टीमागे असा एखादा सुतार असावा असं मला वाटतं, आणि तसं असलं तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. कारण उलटं फिरण्याला त्या समाजात मोठा अर्थ होता, आणि तो अर्थ आपल्याला लगेच कळण्यासारखा आहे.

आयरिशमध्ये 'देशल' हा शब्द सूर्याच्या चालीने, उजवा हात आतल्या बाजूला ठेवून फिरण्याला आहे. पवित्र विहिरींभोवती, संतांच्या समाधींभोवती लोक आजही असेच फिरतात. उलट फिरण्याला 'तूहल' म्हणतात. ते अशुभ, आणि आजच्या भाषेत तोच शब्द घोडचुकीलाही वापरतात. 'देशल'मधला 'देश' हा 'उजवा' या अर्थाचा जुना शब्द आहे. तो आपल्या 'दक्षिण'चा सख्खा चुलत. प्रदक्षिणेतही तोच दक्षिण आहे. आणि जसा संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवा हातही आणि दिशाही, तसाच आयरिशमध्ये तो शब्द दोन्हींना आहे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण. पाठीमागे पश्चिम : आपलं 'पश्चिम' पाठीमागचंच सांगतं, आणि आयरिश 'ईअर' या शब्दालाही मागचा आणि पश्चिमेचा असे दोन अर्थ आहेत. उत्तरेपाशी मात्र वाटा फुटतात. आपण तिला वरची म्हटलं, त्यांनी डाव्या हाताची. 'तूहल'मधला 'तूअ' हा तोच डावा, आणि तीच उत्तर.

मलिंगार ज्या वेस्टमीथमध्ये आहे त्याचं आयरिश नाव 'ईअरवी', म्हणजे मागचं किंवा पश्चिमेचं मीथ. मीथ म्हणजे मधला प्रदेश. त्याचं जुनं रूप आणि आपला 'मध्य' हे एकाच मुळाचे. त्या स्टेशनवर उभी असताना माझ्याभोवतीच्या काउंटीच्या नावात मध्य होता, गावच्या गोष्टीत प्रदक्षिणा होती आणि गावच्या नावात नपुंसकलिंगाचा म् होता. अशा नात्यांनी कोणी हुरळून जाऊ नये, भाषाशास्त्रात असले शेकडो शब्द जुळतात, हे मला समजतं. पण शब्द जुळणं वेगळं आणि व्याकरण जुळणं वेगळं. शब्द प्रवास करतात, उसने दिले-घेतले जातात, बाजारात विकले जातात. विभक्तीचा प्रत्यय सहसा कोणी उसना घेत नाही. तो घरातूनच येतो.

आयर्लंडच्या नावांचं बोलताना एक दुःख बाजूला ठेवता येत नाही. १८२४ साली ब्रिटिश सरकारने त्या बेटाची मोजणी सुरू केली, मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे काढायला. साठ हजारांहून अधिक टाउनलँड, म्हणजे वाड्या-शिवारं, त्यांची नावं इंग्रजी लेखनात पक्की करायची होती. १८३०पासून हे काम जॉन ओडोनोव्हन या किल्केनीच्या शेतकऱ्याच्या मुलाकडे आलं. त्याला जुनी हस्तलिखितं वाचता येत. तो गावोगाव चालत जाई, म्हाताऱ्या माणसांना नाव उच्चारायला लावी, हस्तलिखितांशी ताडून बघे आणि मग नकाशासाठी इंग्रजी स्पेलिंग सुचवी. त्याची त्या काळातली पत्रं शिल्लक आहेत. त्या शतकाच्या मध्यात दुष्काळ आला, माणसं मेली, जहाजांत बसून गेली, आणि मध्य आयर्लंडमधून आयरिश बोलणं संपत गेलं. नकाशावर इंग्रजी नावं राहिली, ज्यांचा अर्थ गावातल्या माणसाला सांगता येईना. या नकाशांनी नावं मारली, असं आयर्लंडमध्ये अनेकजण म्हणतात. त्या रागामागे खरं नुकसान आहे.

तरीही मलिंगारपुरतं मला वेगळं दिसतं. जुन्या आयरिश लेखकांनी क ला लागलेलं ग्रहण कागदावर दाखवलंच नव्हतं. त्यांच्या पद्धतीत नुसता सी लिहीत आणि वाचणारा प्रसंगानुसार तो ग म्हणून वाची, कारण वाचणाऱ्याला व्याकरण येत होतं. इंग्रजी कारकुनाला ते येत नव्हतं. नॉर्मन सरदारांचे लेखक असोत वा पुढचे कर वसूल करणारे, त्यांनी कानावर आलं ते लिहिलं. कानावर ग आला, त्यांनी ग लिहिला. ज्याला नपुंसकलिंग म्हणजे काय हे कळण्याचं कारण नव्हतं, त्याच्या लेखणीने नपुंसकलिंगाचा पुरावा शतकानुशतकं सांभाळला.

आयर्लंडच्या उत्तर भागात लॉख ने आहे, बेटावरचं सगळ्यात मोठं तळं, सुमारे ३९० चौरस किलोमीटरचं. नाव योख या पुराणपुरुषाचं. एका विहिरीवरचं झाकण उघडं राहिलं, पाणी वर आलं आणि त्याचं राज्य बुडालं, अशी त्याची कथा. त्याच्या नावाच्या षष्ठीत आरंभी न नाही. पण तळं नपुंसकलिंगी होतं, आणि पुढचा शब्द स्वराने सुरू होत होता, त्यामुळे मध्ये जुनं अनुनासिक शुद्ध न होऊन आलं. इंग्रजीने तो न पुढच्या शब्दात ओढून घेतला. आज उपग्रहाच्या छायाचित्रावरही जे तळं दिसतं, त्याच्या नावाचं पहिलं व्यंजन त्या नावाचं नाहीच; ते तळ्याच्या लिंगाचं आहे. वॉटरफर्डच्या बाजूला 'श्लीव ग्वा' नावाचा डोंगराळ मुलूख आहे. 'श्लीव' म्हणजे डोंगर, तोही पूर्वी नपुंसकलिंगी, आणि त्याच्यामागे तसाच ग. चक्की, तळं, डोंगर. जिथे माणसांनी नावं बदलायचं कारण नव्हतं, तिथे हे लिंग लपून राहिलं.

मलिंगारमध्ये आता आयरिश माध्यमाच्या शाळा आहेत. त्यातली एक 'ग्वेलस्कोल अन् वुइलिन्', चक्कीची शाळा. 'मुइल्यन्'ची षष्ठी 'मुइलिन्', आणि उपपदामुळे म मऊ होऊन व. तिथल्या मुलाला 'मलिंगारमध्ये' असं म्हणायचं असेल तर तो 'स वुइल्यन् ग्यार' म्हणतो. पहिल्या अक्षरातला म चा व हा आजच्या नियमाने झाला. तो नियम मुलगा दिवसभर वापरतो, नव्या शब्दांनाही लावतो. शेवटच्या शब्दातला ग हजार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या नियमाने झाला. मुलाला दोन्ही सारखेच सोपे. २०२२च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये शाळेबाहेर रोज आयरिश बोलणाऱ्यांची संख्या ७१,९६८ निघाली. तेवढ्या माणसांच्या तोंडी हा ग अजून सजीव आहे, आणि इंग्रजी बोलणाऱ्या लाखोंच्या तोंडी तो नकळत आहे.

हा ग कोणाचा वंशज ते सिद्ध करणाऱ्या विद्येचा एक धागा हिंदुस्थानातून गेला आहे. बव्हेरियाच्या कास्पर झॉइसने केल्टिक भाषांचं पहिलं शास्त्रशुद्ध व्याकरण १८५३ साली प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. झॉइसचं काम पुढे नेणाऱ्यांत डब्लिनचा व्हिटली स्टोक्स होता. तो पेशाने वकील. १८६२ साली हिंदुस्थानात आला, पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेखात्याचा सभासद झाला, दिवाणी-फौजदारी कायद्यांचे मसुदे त्याच्या हातून गेले. उरलेल्या वेळात तो जुनी आयरिश हस्तलिखितं संपादित करत असे. कॉर्मकचा शब्दकोश नावाचा, इ. स. ९००च्या सुमाराचा एक आयरिश ग्रंथ आहे. ओडोनोव्हनने, त्याच नकाशांच्या ओडोनोव्हनने, त्याचं भाषांतर करून ठेवलं होतं. तो १८६१ साली गेला. स्टोक्सने टिपा लिहून ते भाषांतर छापलं, १८६८ साली, कलकत्त्यात. मलिंगारसारख्या हजारो गावांची नावं ज्याने ऐकून टिपली, त्याचं पुस्तक हुगळीच्या काठी छापलं गेलं, याचा मला अजून आनंद होतो.

आणि जॉर्ज ग्रिअर्सन. त्याचा जन्म १८५१चा, डब्लिनजवळच्या ग्लेनागीरीचा. 'ग्ल्यन न गीरख', मेंढ्यांची दरी. इथला ग हाही ग्रहणाचा, पण अनेकवचनी षष्ठीचा : संस्कृतमध्ये 'देवानाम्', 'गवाम्' यांच्या शेवटी जो म् आहे, त्याच्या घराण्यातला. हा नियम आयरिशमध्ये आजही चालू आहे. ग्रिअर्सनने हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली, तिचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तो मराठीचा. ते काम मुख्यतः स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने केलं. त्यात कोकणी आणि तिच्या बोलींचे नमुने आहेत. प्रत्येक बोलीत तीच एक गोष्ट, उधळ्या मुलाची. त्या नमुन्यांत नपुंसकलिंगी रूपांवरची अनुनासिकं त्यांनी निगुतीने लिहून ठेवली आहेत.

कारण आपल्याकडे तो म् वेगळ्या वाटेने आला. संस्कृत 'स्थानकम्' झिजत झिजत 'ठाणें' झालं. शिलाहारांच्या लेखांतलं श्रीस्थानक ते हेच. एकारावरचा तो अनुस्वार म्हणजे शेवटच्या '-अकम्'चा उरलेला म्. पुणें, ठाणें, केळें, मोठें : जुन्या छापील मराठीत नपुंसकलिंगाच्या डोक्यावर हा अनुस्वार असे. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, तेव्हा तोही गेला. बोलण्याप्रमाणे 'मोठं', 'झालं' असं लिहिताना आपण टिंब देतो, पण पुण्या-मुंबईच्या बोलण्यात तिथे नाकातला आवाज नसतो. हिंदीने तर नपुंसकलिंगच सोडलं. घर तिथे पुल्लिंगी. गुजरातीने ते अनुनासिकासह ठेवलं आहे. आणि 'अन्यिम', जो आयरिशमध्ये आता पुल्लिंगी, त्याचा भाऊबंद असलेलं 'नाव' मराठीत अजून 'ते नाव' आहे.

मी कुडाळची. आमच्या मालवणीत 'काय झालां?' असं विचारतात, आणि त्या 'लां'मध्ये अनुनासिक स्वच्छ ऐकू येतं. 'तां घर बरां आसा.' 'माझां नाव.' आईचं सगळं बोलणं त्या नाकातल्या आवाजाने भरलेलं होतं, आणि तो म् आहे हे मला कळायला मलिंगारपर्यंत जावं लागलं. आता मालवणीत कथा येतात, नाटकं छापली जातात, लोक फोनवर मालवणी लिहितात. त्यात बरेचजण 'काय झाला' असं टिंब न देता लिहितात. मालवणी पुल्लिंगाला ओकार आहे, 'तो इलो', त्यामुळे मालवणी माणूस ते बरोबर नपुंसकलिंगी वाचतो. पण घाटावरचा वाचक 'झाला' हे पुल्लिंग म्हणून वाचतो, आणि आमच्या पुढच्या पिढीने मालवणी ऐकण्याऐवजी वाचूनच शिकायची ठरवली तर तीही तसंच वाचील. अनुनासिक गेलं की नपुंसकलिंग पुल्लिंगात मिसळतं. आयर्लंडमध्ये बहुतेक शब्दांचं हेच झालं. म्हणून कोणी मालवणी मजकूर माझ्याकडे तपासायला दिला, तर मी कथेचा बाकी भाग वाचण्याआधी ती टिंबं देते. लेखकाने विचारलं तर कारण सांगते, आणि वेळ असेल तर चक्कीची गोष्टही.